बाजाराच्या आदल्या रात्रीची बैठक

(गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



आज मी मोर्चाची किंवा रास्ता रोकोची घोषणा करायला उभा नाही. तुमच्याकडे एक साधी गोष्ट मागायला उभा आहे. आठवड्यातली एक रात्र मला द्या. बाजाराच्या आदल्या रात्री, जेवणखाण आटोपल्यावर, दीड तास. कुणाच्या तरी ओसरीवर बसायचे आणि देशाच्या राजकारणाचे व जगाच्या बाजारपेठेचे बोलायचे. एवढेच.

तुमच्यातले काही जण हसले, ते मला दिसले. घरात बियाण्याला पैसा नाही आणि हा बाबा आपल्याला अमेरिकेच्या गप्पा मारायला बसवतो, असे वाटणे साहजिक आहे. शिवाय बोलायला आपल्याकडे काय कमी लोक आहेत? पारावर बोलतो, हॉटेलात बोलतो, फाट्यावर एसटीची वाट पाहता पाहता बोलतो. पण आपण बोलतो काय? तिकीट कुणाला मिळणार, कोण कुणाला सोडून कुठे गेला, सभेला गर्दी किती होती. या राजकारणात आपण मोठे हुशार. पण काल डॉलर कितीला होता, सरकीचा भाव का उतरला, परदेशी कापसावर आयात शुल्क किती आहे, हे पारावर विचारा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. आणि आपल्या कापसाचा भाव तर त्यावरच ठरतो. ते व्यापाऱ्याला ठाऊक असते, जिनिंगवाल्याला ठाऊक असते. ज्याचा कापूस आहे त्यालाच ठाऊक नसते.

हे मी गोरेगावातच का बोलतो आहे? २०२३ च्या ऑगस्टात पावसाने दडी मारली, पिके हातची गेली. त्या नोव्हेंबरात याच गावच्या काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना कळवले की, आमचे पीककर्ज फेडायला आमचे अवयव विकत घ्या. मूत्रपिंड, यकृत, डोळे. एकेका अवयवाची किंमत लावून यादी दिली. ती बातमी राज्यभर गेली. मी ती यादी वाचली तेव्हा मला एकच गोष्ट डाचली. आपण जन्मभर कापूस विकला, सोयाबीन विकले, ज्वारी विकली, त्या मालाची किंमत लिहायला आपल्याला कुणी कधी विचारले नाही. आपल्या हाताने किंमत लिहायची पाळी आली, ती आपल्या देहाची.

त्या माणसांना नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. त्यांनी निदान आपला हिशोब दहा जणांत मांडला. ज्याने तो एकट्याने मांडला, त्याचे काय? सोसायटीचे नवे-जुने, बँकेची नोटीस, कृषी केंद्राची उधारी, लेकीच्या लग्नाचे राहिलेले, हे सगळे एकटा माणूस रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बोटांवर मोजतो. कुणाला सांगत नाही. सकाळी घरच्यांना कळते तोवर फार उशीर झालेला असतो. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात असली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून बैठक हवी. आपला तोटा आपल्या आळसाने झाला की अक्कल कमी म्हणून झाला, या घोरात माणूस खचतो. तोच तोटा गावातल्या चाळीस घरांत त्याच वर्षी, तेवढाच झाला आहे, आणि त्याची कारणे अमुक अमुक आहेत, हे फळ्यावर मांडलेले पाहिले की माणूस निदान मान वर करून बोलतो.

ही काही नवी टूम नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. तो नुसता छापण्यासाठी लिहिला नव्हता. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, अशा ठिकाणी लोकांना जमवून त्यांनी तो वाचून दाखवला. सारा, सावकार, कोर्टकचेरी, विलायती माल, हे सगळे अर्थशास्त्र. आणि ऐकणाऱ्यांत कितीकांना अक्षरओळख नव्हती. पुढे मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केले. पुण्या-मुंबईत नाही, नगर जिल्ह्यातल्या खेड्यात. तरवडीसारख्या गावातून ते पुढे १९६७ पर्यंत निघत राहिले. आणि आपल्या चळवळीचे म्हणाल तर, स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी परत आले आणि त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. कांद्याची, उसाची आंदोलने सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण आंबेठाणच्या प्रशिक्षण शिबिरांत शेतकऱ्यांची पोरे दिवस दिवस बसून उत्पादनखर्च काढायला शिकली, हे कमी जणांना आठवते. १९८४ साली परभणीला अधिवेशन झाले तेव्हा आपण परभणी जिल्ह्यातच होतो. तिथे गेलेले लोक अजून या भागात आहेत. त्यांना विचारा. आधी हिशोब शिकलो आणि मग रस्त्यावर उतरलो, असेच ते सांगतील.

आता कुणी म्हणेल, जगाचा आणि गोरेगावचा संबंध तो काय? संबंध आजचा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या आपल्या कापसाचा भाव कडाडला. कापूसवाल्याच्या हाती पैसा खेळला, सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत बँका, पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज मात्र राहिले. दहा वर्षांनी, १८७५ साली, सुप्यापासून सुरुवात होऊन पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या उठावाला साऱ्याची वाढ आणि इतरही कारणे होती. पण ज्या युद्धाने आपला भाव चढवला आणि पाडला, ते युद्ध कुठे चालले आहे हे त्या वेळी किती जणांना ठाऊक असेल?

आता आपण प्रत्यक्षच एक हिशोब करू. बैठकीत हेच करायचे आहे, म्हणून नमुना दाखवतो. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी लिहून घ्या.

न्यूयॉर्कच्या बाजारात रुईचा भाव सेंटमध्ये सांगतात, एका पौंडाला इतके सेंट. शंभर सेंटचा एक डॉलर आणि एका किलोत २.२ पौंड. समजा भाव ७० सेंट आहे. म्हणजे किलोला १५४ सेंट, दीड डॉलरच्या थोडे वर. डॉलर समजा ८६ रुपयांना आहे. म्हणजे एक किलो रुई १३२ रुपयांच्या आसपास. आपल्या एका क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४ किलो रुई निघते. ३४ गुणिले १३२ म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या जरा खाली. राहिली सरकी, ६४ किलोच्या आसपास, बाकीची घट. सरकी समजा ३५ रुपये किलो, तर २,२४० रुपये. दोन्ही मिळून झाले पावणेसात हजारांच्या आत-बाहेर. यातून जिनिंग, गठाण बांधणी, गाडीभाडे आणि व्यापाऱ्याचा नफा जायचा. जगाच्या भावाने आपल्या कापसाची ही किंमत.

२०२५-२६ च्या हंगामाला केंद्र सरकारने मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर केला. आता फळ्यावरचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. समजा खेडा खरेदीवाला दारात येऊन सांगतो, 'काका, बाजार मंदा आहे.' तो खोटे बोलतो की खरे, हे तुम्हाला आता पाच मिनिटांत कळेल. खरे असेल तर हमीभावाच्या खरेदीकेंद्रावर नोंदणी करायची घाई करा. खोटे असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणखी एक पायरी. फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क लागले. १३२ रुपयांवर ११ टक्के म्हणजे किलोमागे साडेचौदा रुपये. ३४ किलोचे झाले पाचशेच्या आसपास. म्हणजे हे शुल्क लावणे किंवा काढणे यात कागदावर क्विंटलमागे पाचशे रुपयांची गोष्ट आहे. मोंढ्यात नेमके तेवढेच पडतात असे नाही, पण दिशा तीच. आता आठवा. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ आणि मग २७ तारखेपासून आणखी २५, असे ५० टक्के शुल्क लावले. कापड गिरण्यांची, तयार कपड्यांची निर्यात अडचणीत आली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून दिल्लीने १९ ऑगस्टपासून आयात शुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे भांडण दोन सरकारांचे, दुखणे गिरणीचे, आणि औषधाचे पैसे कापूसवाल्याने द्यायचे. तेही नेमके आपला नवा कापूस बाजारात येण्याच्या महिन्यांत. एकरी पाच क्विंटल कापूस झाला तर एकरी अडीच हजारांचा प्रश्न. नाल्यावरच्या पुलासाठी आपण तहसीलदारांना निवेदन देतो. या पाचशे रुपयांसाठी किती गावांनी आपल्या खासदाराला पत्र लिहिले? ठाऊकच नव्हते तर लिहिणार कोण?

काही जण विचारतील, आपण ओसरीवर बसून बोललो म्हणून न्यूयॉर्कचा भाव वाढणार आहे का? नाही वाढणार. तसे मी सांगितले तर माझी जीभ झडेल. पण माल कधी विकायचा, किती विकायचा आणि कुणाला काय जाब विचारायचा, या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. त्या आपण अंधारात करतो.

माझेच सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी आधी विकला होता ते हळहळले, मीही त्यांच्यात होतो. पुढच्या हंगामात आपण सगळ्यांनी ठरवले, या वेळी दहा हजारांशिवाय द्यायचा नाही. दिवाळीनंतर साडेआठ हजार मिळत होते, तरी मी दिला नाही. घरात कापूस भरला. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, बायको रोज म्हणायची, 'अहो, काढा हा एकदाचा.' पाडवा गेला, अक्षय तृतीया गेली. शेवटी सात हजारांच्या आसपास दिला, तोही वजनात घटलेला. आता ऐका. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कला १५० सेंटच्या आसपास असलेला वायदा त्याच ऑक्टोबरच्या शेवटी ८० च्या खाली आला होता. आमच्या घरात कापूस यायच्या आधीच जगाचा भाव निम्म्यावर आलेला! ती बातमी कुणी लपवली नव्हती. मी विचारली नव्हती. आठवड्याच्या आठवड्याला हा एक आकडा फळ्यावर लिहीत गेलो असतो, तर सगळा नाही तरी अर्धा कापूस मी दिवाळीनंतर विकला असता. बैठक म्हणजे काही ज्योतिषी नव्हे. भाव उद्या काय होईल ते ती सांगणार नाही. काल काय झाले आणि का झाले, एवढे सांगेल. तेवढ्यानेही नुकसान कमी होते.

ज्वारीवाल्यांना वाटत असेल, हा सगळा कापसाचा कारभार. ज्वारीचे ऐका. अमेरिकेचा शेतकरी ज्वारी पिकवतो आणि चीन ती जनावरांना घालायला आणि दारू गाळायला विकत घेतो. २०१८ साली दोन्ही देशांचे व्यापारावरून भांडण जुंपले. एप्रिलमध्ये चीनने अमेरिकेच्या ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत लावली. ज्वारी भरून निघालेली जहाजे भर समुद्रातून वळवावी लागली. महिन्याभराने, मे महिन्यात, चीनने ती अनामत काढून घेतली. तिकडचा शेतकरी मोठा, यंत्रवाला, तरी त्याची ज्वारी पाण्यावर तरंगत राहिली. म्हणजे सरकारांच्या भांडणात शेतमालाचा बळी पहिला जातो, हे एकट्या भारताचे दुखणे नाही. आणि आपल्याकडे? भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. मग ज्वारीखालचे रान वाढले का, भाव सुधारला का, की कडबा मिळावा म्हणूनच आपण ज्वारी पेरतो? हा प्रश्न एका बैठकीचा विषय होतो. उत्तर बाहेरच्या पाहुण्याने द्यायचे नाही, तुम्हीच काढायचे.

आता बैठक चालवायची कशी, ते सांगतो. चार आठवडे उत्साह आणि पाचव्या आठवड्याला कुलूप, असे व्हायला नको.

पहिली गोष्ट, चहा ठेवायचा नाही. पाण्याचा तांब्या पुरे. एका घरी चहा झाला की दुसऱ्या घरी चहा-पोहे होतात, आणि ज्याच्या घरी दूध नाही तो आपल्या ओसरीवर बैठक घ्या असे कधीच म्हणत नाही. बैठक घरोघरी फिरली पाहिजे. वाड्यावरच अडकली तर ती वाड्याची होते.

दुसरी, पक्षाचा गमछा चपलांजवळ ठेवून आत यायचे. राजकारण बोलायचे, जरूर बोलायचे. पण अमुक पुढारी चांगला की वाईट हे नाही, अमुक निर्णयाने क्विंटलमागे किती गेले हे बोलायचे. १९७२ पासून पुढे तीस वर्षे राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. आपलाच कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेला तर गुन्हा होत होता. तेव्हा सत्तेवर कोण होते यापेक्षा चुकारा किती आणि कधी मिळाला, हे विचारणे शेतकऱ्याच्या कामाचे.

तिसरी, विरोधी मताच्या माणसाला मुद्दाम बोलवायचे. डंकेल प्रस्तावाच्या वेळी शरद जोशींनी खुल्या व्यापाराची बाजू घेतली. कर्नाटकातल्या रयत संघाने त्याला कडाडून विरोध केला. दोन्हीकडे शेतकरीच होते. दोन्ही बाजू ऐकून ज्याने मत बनवले त्याचे मत टिकते. बाकीच्यांचे पुढच्या सभेपर्यंत.

चौथी, ज्याने आकडा सांगितला त्याने तो कुठून आणला हेही सांगायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर आला, एवढे पुरणार नाही. एखाद्या शिकत्या पोराला किंवा पोरीला काम द्या. दर आठवड्याला पाच आकडे आणायचे: मोंढ्यातला कापसाचा भाव, सरकीचा भाव, न्यूयॉर्कचा भाव, डॉलर आणि हमीभाव. फळ्यावर लिहायचे आणि वहीत उतरवायचे. एका वर्षात त्या वहीला सोन्याची किंमत येईल.

पाचवी गोष्ट मायबहिणींची. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, लाखाच्या घरात बाया आल्या. आणि आपल्या ओसरीवरच्या बैठकीत बाया दाराआडून ऐकणार, हे चालणार नाही. वेचणीला किलोमागे काय पडले, खुरपणीला किती रोज लागले, हे घरधन्याला विचारा. तो अंदाज सांगतो. बाई आकडा सांगते. उत्पादनखर्चाचा निम्मा हिशोब तिच्यापाशी आहे. तिला पुढे बसवल्याशिवाय फळा भरणारच नाही.

सहावी आणि शेवटची. कुणी आपल्या कर्जाचा विषय काढला तर तो तिथेच राहिला पाहिजे. पारावर त्याची चर्चा नको. आणि जो नेहमी येतो तो लागोपाठ दोन आठवडे आला नाही, तर तिसऱ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचे. उपदेश करायला नाही, नुसते बसायला. बाकीचे सगळे नियम मोडले तरी चालेल, हा मोडू नका.

ज्याच्या घरी बैठक आहे त्याने काय करायचे? सतरंजी टाकायची, सगळे बोलले की नाही ते पाहायचे, आणि स्वतः सगळ्यात कमी बोलायचे. आमच्यासारख्या भाषणवाल्यांना ते जमत नाही, म्हणून तर तुम्हाला सांगतो. उठण्यापूर्वी एक ठरवायचे: पुढच्या आठवड्याचा प्रश्न काय आणि तो शोधून आणणार कोण.

पहिल्या रात्री पाचच जण येतील. येऊ द्या. भजनी मंडळही कुठे पहिल्या दिवशी पन्नास जणांचे होते? टाळ वाजायला लागले की लोक येतात.

आता माझे भाषण पुरे. इथून उठण्यापूर्वी मला तीन नावे हवीत. पहिली बैठक कुणाच्या ओसरीवर, फळा कोण आणणार आणि ते पाच आकडे कोण आणणार. नावे सांगा, मी वहीत लिहून घेतो.